'काहीच तर झालं नाही!' – गोरेपणाची मुभा नाकारणाऱ्यांशी बोलून दमले आहे

कृष्णाकाठ | ११ ऑक्टोबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मूळची वाईची, गेली बारा वर्षं नॉर्थ कॅरोलिनात. एरवी मी पाककृती आणि बागकामाच्या धाग्यांवर असते. आज झोप येईना म्हणून हे लिहायला बसले.

परवा संध्याकाळी माझा मुलगा (१६) आणि शेजारचा मुलगा (१७, गोरा) फुटबॉलच्या सरावाहून घरी येत होते. गाडी शेजारच्यांची, चालवत होता त्यांचाच मुलगा. मागचा एक दिवा गेलेला, म्हणून पोलिसाने बाजूला घ्यायला लावलं. लायसन्स आणि गाडीचे कागद मागितले. त्या मुलाने "एक मिनिट हं" म्हणत पट्टा सोडला, वाकला आणि समोरच्या कप्प्यात हात घालून शोधाशोध सुरू केली. चार्जर, च्युइंगगम, जुन्या पावत्या, सगळं मांडीवर काढलं. चांगली दोन मिनिटं उचकापाचक चालली होती. पोलीस खिडकीला टेकून निवांत उभा. कागद सापडला, "दिवा बदलून घे" एवढं सांगून त्याने सोडलं.

माझा मुलगा घरी आला आणि जेवायलाच बसेना. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आई, तो कप्प्यात हात घालत होता ना, तेव्हा मी माझे दोन्ही हात डॅशबोर्डवर पसरून ठेवले होते. पोलीस गेल्यावर त्याने मला विचारलं, तू असा काय बसलायस?"

आमच्या गाडीत कागद कप्प्यात नसतात. एका पारदर्शक पाकिटात घालून रबरबँडने सन व्हायजरला अडकवलेले असतात, म्हणजे कधी खाली वाकायची, आणि हात बंदुकीकडे गेला असं पोलिसाला वाटायची वेळच येऊ नये. ही युक्ती मला ऑफिसातल्या एका कृष्णवर्णीय मैत्रिणीने दिली. तिच्या घरात तीन पिढ्या मुलग्यांना असंच काही ना काही शिकवत आल्या आहेत. माझा मुलगा सावळ्याहून थोडा जास्तच काळा आहे, माझ्यावर गेलाय. संध्याकाळच्या उजेडात गाडीच्या काचेतून तो कोणाला काय दिसेल, हे माझ्या हातात नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला सगळं सांगितलं. बाई मनाने फार चांगली आहे. माझं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस तिने आमच्याकडे जेवण पोचवलं. ती म्हणाली, "पण काहीच तर झालं नाही! पोलीस किती छान वागला. हे व्हाइट प्रिव्हिलेज, म्हणजे गोऱ्यांना म्हणे न मागता मिळणारी मुभा, वगैरे टीव्हीवाल्यांनी डोक्यात भरवलेलं आहे. मला कुठे काय मिळालं? माझा बाप ट्रक चालवायचा."

काहीच झालं नाही, हेच तर मी तिला सांगत होते! तिच्या मुलाला त्या दोन मिनिटांत एकदाही वाटलं नाही की आपला हात पोलिसाला दिसला पाहिजे. ती मुभा त्याला जन्मापासून आहे. म्हणून ती त्याला दिसत नाही, त्याच्या आईलाही दिसत नाही. मग जे त्यांच्या बाबतीत घडतच नाही, ते मी कुठून आणून दाखवू? दर वेळी पुरावा मीच द्यायचा, तोही समोरच्याला वाईट वाटणार नाही अशा आवाजात, आणि शेवटी ऐकायचं काय, तर "तू फार मनाला लावून घेतेस."

जास्त लागलं ते वेगळंच. गेल्या महिन्यात इथल्या गणपतीत आपल्याच तीन-चार लोकांनी हेच सांगितलं. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभं राहून, हसत हसत. गोऱ्यांचं मी एक वेळ समजू शकते. आपल्या माणसांना हे कसं दिसत नाही?

तुम्ही काय करता अशा वेळी? बोलता की सोडून देता?

---

चहाबाज | ११ ऑक्टोबर, रात्री १०:४८

वाचतोय. पोराला जवळ घेऊन बसा ताई, आज एवढंच.

---

डॅलसकर | ११ ऑक्टोबर, रात्री ११:३५

ताई, मुलाचं ऐकून वाईट वाटलं. पण मनातलं सांगतो, राग मानू नका.

मी १९९८ साली दोन बॅगा घेऊन आलो. एका अपार्टमेंटमध्ये सहा जण, एकच गाडी, सकाळी सगळ्यांना आपापल्या ऑफिसला सोडत जायचं. कोणी हात धरून नेलं नाही. आज स्वतःचं घर आहे, मुलगी विद्यापीठात शिकते. अमेरिकेत भारतीय कुटुंबांचं सरासरी उत्पन्न गोऱ्या कुटुंबांहून जास्त आहे. गोऱ्यांना एवढी मुभा असती तर आपण त्यांच्या पुढे गेलो असतो का?

शिवाय पोलिसासमोर हात दिसतील असे ठेवायचे, हे ड्रायव्हिंग शिकवणारे सगळ्याच मुलांना सांगतात. त्यात रंग कुठे आला? पोरांच्या डोक्यात आपणच "तुझ्यावर अन्याय होणार" हे घातलं तर ती आयुष्यभर घाबरत जगतील. मला त्याचीच काळजी वाटते.

---

आप्पा_एडिसन | १२ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

डॅलसकर, मी तुमच्याआधी सत्तावीस वर्षं आलो, १९७१ साली. माझ्याकडे एकच बॅग होती. कष्टाचं म्हणाल तर ते आपण दोघांनीही केले, त्यावर वाद नाही. पण तुमची आणि माझी बॅग ज्या दारातून आत आली ते दार कोणी उघडलं, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

या देशाने १७९० साली कायदा केला की नागरिकत्व मिळेल ते फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसाला. अक्षरशः तसं लिहिलेलं होतं. १९२३ साली भगतसिंग थिंड नावाचे एक शीख गृहस्थ सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. त्याआधी तीनच महिने याच कोर्टाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सांगितलं होतं की गोरा म्हणजे 'कॉकेशियन' वंशाचा, तू त्यात बसत नाहीस. थिंड म्हणाले, तुमच्याच शास्त्राप्रमाणे उत्तर हिंदुस्थानी लोक कॉकेशियन आहेत, मग मला द्या. त्यावर त्याच न्यायमूर्तींनी निकाल दिला की शास्त्राचं राहू दे, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. नियम त्यांचा, बदलणारेही तेच. त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णोदास बगाई यांचंही त्यात गेलं. अमेरिकन पासपोर्ट मिळेना, ब्रिटिशांचा त्यांना नको होता, म्हणून मायदेशी जायचीही सोय नाही. १९२८ साली त्यांनी जीव दिला.

आपल्याला नागरिक होता येईल असा कायदा आला १९४६ साली, आणि भारतातून येणाऱ्यांचा कोटा होता वर्षाला १००. हो, शंभर.

तुम्हाआम्हाला आत घेणारा कायदा १९६५ चा. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, त्याच्या पाठोपाठ. त्यासाठी कृष्णवर्णीय माणसांनी दक्षिणेत लाठ्या खाल्ल्या, अंगावर कुत्री सोडून घेतली. आपण त्यात नव्हतो. आपण नंतर विमानाने आलो.

आणि आला कोण? डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ. चाळणीतून गाळून घेतलेले लोक आपण. आपल्या शिक्षणाचा खर्च भारताने केलेला. अशा गाळून घेतलेल्या लोकांचं उत्पन्न एका अख्ख्या समाजाच्या उत्पन्नाशी कसं लावता येईल? त्यातून आपल्याबद्दल थोडंफार कळेल. गोऱ्यांना मुभा आहे की नाही, याचं उत्तर त्यात नाही.

घरातली एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. १९८७ साली जर्सी सिटीत भारतीयांना हुडकून मारणारी टोळी होती. नावच 'डॉटबस्टर्स', म्हणजे आपल्या बायकांच्या कुंकवावरून. पेपरात पत्र छापून आलं होतं त्यांचं. नवरोज मोदी नावाचा पारशी तरुण होबोकेनमध्ये मारहाणीत गेला. माझी बायको तेव्हा रोज ट्रेनने ऑफिसला जायची. ती पर्समध्ये कुंकवाची डबी ठेवायची. ऑफिसात पोचली की आरशात बघून लावायची, संध्याकाळी निघताना पुसायची. असं पावणेदोन वर्षं. तिच्याबरोबर त्याच डब्यात बसणाऱ्या गोऱ्या बायकांना आपल्या कपाळावर काय आहे याचा विचार कधी करावा लागला नाही. त्यांनी काही वाईट केलं असं मी म्हणत नाही. एवढंच, की त्यांना तो विचार करावा लागला नाही.

---

पुणेरी_टेस्टर | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:०२ (भारतीय वेळ)

अमेरिकेलाच कशाला जायचं? हिंजवडीत क्लायंट येतो तेव्हा बघा. गेल्या वेळी दोघं आले होते. एक गोरा, हुद्द्याने ज्युनिअर. दुसरी त्याची मॅनेजर, तमिळ मुळाची, न्यूजर्सीत वाढलेली. आमच्या रिसेप्शनवर गोऱ्याला हार घातला, नारळ दिला, फोटो काढले, आणि मॅडमना विचारलं "आपण दुभाषी का?" मी तिथेच उभा होतो. मान खाली गेली माझी.

---

मोनोंगाहेला | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:५५

मी वेस्ट व्हर्जिनियात राहतो, फार्मसीत काम करतो. दुसरी बाजू म्हणून नाही, पण मला रोज दिसतं ते लिहितो.

आमच्या काउंटरवर येणारे जवळजवळ सगळे गोरे. कोळशाच्या खाणी बंद पडल्या, त्याबरोबर गावं बसली. धुळीने फुप्फुसं गेलेला माणूस ऑक्सिजनची नळी लावून येतो आणि औषधाची किंमत ऐकून अर्धंच औषध घेऊन जातो. वेदनाशामक गोळ्यांनी घरंच्या घरं बुडवली आहेत. एका आजीकडे तीन नातवंडं आहेत, मधली पिढीच राहिली नाही. या माणसाला 'तुला प्रिव्हिलेज आहे' म्हणून सांगा बघू. तो दार आपटेल, आणि मला त्याचं चुकलं असं वाटणार नाही.

गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण टीव्हीवर सूटबूट घातलेलं कोणी हा शब्द वापरतं तेव्हा आमच्या गिऱ्हाइकाला ऐकू येतं ते असं: तुझे हाल झालेच नाहीत. शब्दच घात करतो.

---

कृष्णाकाठ | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

मोनोंगाहेला, तुमचं वाचून थांबले थोडी. शेजारणीचे वडील ट्रक चालवायचे हे मी विसरता कामा नये, हे खरं.

पण त्या खाणकामगाराच्या संकटांच्या यादीत त्याचा रंग नाही, एवढंच मी म्हणतेय. त्याची यादी लांब असेल, माझ्या यादीपेक्षा कितीतरी लांब. तरी ही एक ओळ त्यात नाही. हे अंदाजाने बोलत नाही. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी शहरात सारख्या शिक्षणाचे, सारखे बोलणारे तरुण नोकरी मागायला पाठवले. अगदी साध्या, सुरुवातीच्या नोकऱ्या. काहींना सांगायला लावलं की आपण तुरुंगात जाऊन आलो आहोत. २००३ साली निष्कर्ष छापून आले. तुरुंगवारी सांगणाऱ्या गोऱ्या मुलांना १७ टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं. कसलाही गुन्हा नसलेल्या कृष्णवर्णीय मुलांना १४ टक्के. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडे उलटसुलट छापले असतील असं वाटून मी परत पाहिले होते.

आता शब्दाबद्दल. 'विशेषाधिकार' मलाही पटत नाही, तो ऐकला की कोणी तरी सनद हातात दिल्यासारखं वाटतं. मी मुद्दाम 'मुभा' लिहिलं. मुभा असणारा माणूस श्रीमंत असेलच असं नाही. आजोळी अंगणातून आत यायला कोणाला विचारावं लागत नाही तशी ती असते.

डॅलसकर, हात दिसतील असे ठेवा हे सगळ्यांना शिकवतात, बरोबर. शेजारच्या मुलालाही शिकवलं असेल. तो विसरला, आणि विसरला तरी चाललं. माझ्या मुलाला विसरून चालणार नाही.

तुम्हाला अलाबामातलं मॅडिसन आठवतंय? फेब्रुवारी २०१५. सुरेशभाई पटेल, वय ५७, नातवाला सांभाळायला गुजरातहून मुलाकडे आलेले. सकाळी घराबाहेर फिरत होते. शेजारपाजारच्या कोणी तरी पोलिसांना फोन केला की एक काटकुळा काळा माणूस फिरतोय. पोलीस आले, यांना इंग्रजी येईना. एका पोलिसाने हात मागे धरून त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं. खटला दोनदा ज्युरीचं एकमत न झाल्याने अडला आणि पुढे न्यायाधीशांनी त्या पोलिसाला सोडलं. ज्या वस्तीत ते चालत होते तिथे त्यांच्या मुलाने स्वतःचं घर घेतलं होतं.

आपले आईबाबा दर उन्हाळ्यात येतात. कॅनव्हासचे बूट आणि स्वेटर घालून सकाळी फिरायला जातात, लोकांच्या अंगणातली फुलं बघत थांबतात. मी आईच्या गळ्यात पत्ता आणि माझा नंबर लिहिलेलं कार्ड घालते. ती म्हणते, मी काय शाळेतली पोर आहे?

---

सिस्टर_मंगल | १२ ऑक्टोबर, रात्री ११:१५

ड्यूटीवरून आत्ता आले. अतिदक्षता विभागात नर्स आहे, मिशिगनमध्ये.

कोविडमध्ये तुम्ही सगळ्यांनी बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर घरी आणलं होतं. ते बोटातून प्रकाश सोडतं आणि रक्तात ऑक्सिजन किती ते सांगतं. गडद त्वचेतून प्रकाश वेगळा जातो. ही यंत्रं बेतली गेली ती मुख्यतः उजळ कातडीच्या माणसांवर. २०२० च्या डिसेंबरात मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तपासून छापलं. यंत्र ९२ ते ९६ दाखवतंय आणि धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी आहे, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा झालं, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा.

माझा एक रुग्ण होता, बस चालवणारे कृष्णवर्णीय गृहस्थ. यंत्रावर ९३. ते म्हणत होते, श्वास पुरत नाही. आम्ही तिघांनी पाहिलं, ९३ आहे, काळजीचं कारण नाही. मीही त्या आकड्यावर विश्वास ठेवला. धमनीतलं रक्त तपासायला पाठवलं तेव्हा ८५ आलं. तोवर साडेतीन तास गेले होते. मी त्यांचा हात धरून 'घाबरू नका, सगळं ठीक आहे' सांगत होते. ते खरं सांगत होते आणि मी चूक सांगत होते.

त्या यंत्राच्या मनात कोणाबद्दल द्वेष नाही. आमच्या डॉक्टरांच्या मनातही नव्हता. तरी शेजारच्या खाटेवरच्या गोऱ्या रुग्णाचा आकडा खरा होता आणि यांचा खोटा. डॅलसकर दादा, गोऱ्या रुग्णाने त्यासाठी काहीच केलं नव्हतं. नुसता झोपला होता. त्याला विचारलंत तर तोही म्हणेल, मला कुठे काय मिळालं?

---

निळी_शाई | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:४० (भारतीय वेळ)

नागपूरहून. दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि अर्पण कोणाला केली? कृष्णवर्णीयांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. पुण्यात बसून. त्यांना दोन्हीकडची बेडी एकच दिसली. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि पुढे १९४६ मध्ये त्यांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉय यांना पत्र लिहिलं. इथल्या अस्पृश्यांची आणि तिथल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे, हे त्यात होतं. तिकडच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला होता, त्याची प्रत त्यांना हवी होती. ड्युबॉय यांनी आपुलकीने उत्तर पाठवलं. १९७२ साली मुंबईत पोरांनी संघटना काढली तर नाव घेतलं ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून, दलित पँथर. हा विषय आपल्याकडे टीव्हीवाल्यांनी आणलेला नाही, दीडशे वर्षं आपल्या घरातलाच आहे.

आता कृष्णाकाठ ताई, तुमच्या शेजारणीची सगळी वाक्यं मला पाठ आहेत. 'मला कुठे काय मिळालं?' 'माझे वडीलही गरीबच होते.' 'आमच्याकडे जातपात नव्हतीच.' 'तू फार मनाला लावून घेतोस.' इंजिनिअरिंगला होतो तेव्हा होस्टेलवर पहिल्या रात्री विचारलेला प्रश्न होता, 'तुझा कटऑफ किती?' आणि त्यानंतर चार वर्षं माझी वही कोणी मागितली नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री वह्या अख्ख्या मजल्यावर फिरायच्या, माझी माझ्या टेबलावर असायची. विचारणारी मुलं वाईट नव्हती. त्यांचंही म्हणणं तेच, काही झालंच नाही.

ताई, रागावू नका. एकच विचारतो. शेजारणीचं 'मला कुठे काय मिळालं?' हे वाक्य तुम्ही स्वतः कधी कोणाला म्हणाला होतात का?

---

चहाबाज | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:०५ (भारतीय वेळ)

निळी_शाई, वह्यांचं वाचून गलबलून आलं. लिहीत राहा.

---

कृष्णाकाठ | १३ ऑक्टोबर, रात्री ९:५०

निळी_शाई, दिवसभर ऑफिसात तुमचा प्रश्न डोक्यात होता.

हो. म्हणाले होते. १९९६ साल, बारावीचा निकाल. वर्गातल्या एका मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, मला नाही. तिला माझ्यापेक्षा नऊ मार्क कमी होते. मी चारचौघींत म्हणाले, "आम्हाला कुठे काय मिळतं?" ती पाठमोरी उभी होती. वळली नाही, पण तिने ऐकलं होतं.

बाबा कारकून होते, महिनाअखेर ओढाताण व्हायची, म्हणून मला ते वाक्य अगदी खरं वाटत होतं. आज मोजते तेव्हा दिसतं. घरात आजोबांचं पुस्तकांचं कपाट होतं. गणित अडलं तर मागच्या आळीतले मास्तर काका घरी बोलावून शिकवायचे, पैसे न घेता, कारण ते 'आपल्यातले' होते. पुढे पुण्याला शिकायला गेले तर सदाशिव पेठेत आत्येच्या ओळखीने खोली मिळाली. आडनाव सांगितलं आणि आजींनी चहा टाकला. ती मुलगी गावाबाहेरच्या वस्तीतून चालत यायची आणि कंदिलाखाली अभ्यास करायची, हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून मी नऊ मार्क मोजले.

परवा शेजारणीकडून परत येताना मी स्वतःशी म्हणत होते, हिला दिसत कसं नाही. मला सतरा वर्षांची असताना दिसलं नव्हतं, आणि नंतरही कित्येक वर्षं नाही. त्या मुलीचं नाव इथे लिहीत नाही. ती आता साताऱ्याकडे कुठे तरी दवाखाना चालवते एवढं कळलंय.

तुम्ही विचारलंत हे बरं केलंत.

---

डॅलसकर | १४ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

सगळं वाचलं. सिस्टर, ऑक्सिमीटरचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या नानांच्या बोटाला तेच लावून मी रोज रात्री आकडा लिहून ठेवत होतो.

आप्पा, जुने कायदे मान्य. पण १९६८ साली घर घेताना रंग बघता येत नाही असाही कायदा झाला. त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. किती पिढ्या मागचं काढत बसायचं? माझा मुद्दा अजून तिथेच आहे.

---

आप्पा_एडिसन | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:३०

डॅलसकर, माझ्या स्वतःच्या घराचंच सांगतो, म्हणजे पिढ्या मोजता येतील.

मी हे घर १९७८ साली घेतलं, एका गोऱ्या म्हाताऱ्या जोडप्याकडून. फार प्रेमळ माणसं, जाताना बागेतली अवजारंसुद्धा ठेवून गेली. ते गृहस्थ दुसऱ्या महायुद्धातून परत आलेले सैनिक. १९५० साली सरकारच्या हमीवर, जवळजवळ काही न भरता त्यांनी हे घर घेतलं होतं. सैनिकांसाठी १९४४ साली जो कायदा झाला त्याखाली. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. पण कर्ज द्यायची ती बँकेने, आणि तीसच्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवून ठेवल्या होत्या. लाल म्हणजे इथे कर्ज धोक्याचं. आणि उपनगरांत त्यांना घर विकायचं नाही. न्यूयॉर्क आणि उत्तर न्यूजर्सीच्या उपनगरांत या कायद्याखाली ६७,००० गृहकर्जांना हमी मिळाली. त्यांत गोरे नसलेले लोक किती? शंभरही नाहीत. मिसिसिपीतल्या तेरा शहरांत १९४७ साली ३,२२९ कर्जं दिली गेली. कृष्णवर्णीयांना मिळाली दोन. तेही त्याच युद्धात लढून आले होते.

मला घर विकून आलेल्या पैशांत त्या जोडप्याने फ्लोरिडात घर घेतलं आणि उरलेले तीन मुलांत वाटले. ती मुलं तुमच्याच वयाची असतील. त्यांची मुलं आज कॉलेजात आहेत, डोक्यावर शैक्षणिक कर्ज कमी असेल किंवा नसेल. त्यांना विचारा, ती मनापासून सांगतील की आम्हाला कोणी काही दिलं नाही. २०२२ च्या सरकारी पाहणीत, गरीब ते श्रीमंत अशी रांग लावली तर अगदी मधल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. पगारातला फरक एवढा मोठा नाही. यात घरांचा मोठा वाटा आहे.

आणि मी त्या घराच्या किमतीवरच माझ्या दोन्ही मुलांना शिकवलं. तेव्हा यात मीही आहे.

---

मोनोंगाहेला | १४ ऑक्टोबर, रात्री ८:१२

आप्पा, घराचं असं उलगडून कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या एका गिऱ्हाइकाशी मी हेच बोलून बघणार आहे, 'प्रिव्हिलेज' शब्द न काढता. त्यांच्या वडिलांचं घरही सैनिकी कर्जावर घेतलेलं आहे. ते अभिमानाने सांगतात.

---

डॅलसकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

आप्पा, उत्तर नाही माझ्याकडे. शब्द मला अजून खटकतो, आणि पोरांना भीती घालू नये हेही मी सोडलेलं नाही.

ताई, एक विचारायचं होतं. बहिणीचा मुलगा ऑस्टिनला असतो, पुढच्या महिन्यात लायसन्स मिळेल. तो उंच आहे आणि आमच्या घरात सगळ्यांत काळा. ते पाकीट आणि रबरबँडचं नीट लिहून पाठवाल का?

---

कृष्णाकाठ | १५ ऑक्टोबर, रात्री ९:०५

लिहिते. झिपचं पारदर्शक पाकीट घ्या, आतलं बाहेरून दिसलं पाहिजे. टेक्ससमध्ये नोंदणीचा स्टिकर समोरच्या काचेवरच असतो, म्हणून पाकिटात विम्याचं कार्ड आणि लायसन्स पुरे. ते खिशात नकोच, खिशात हात घालायची वेळ येऊ नये. दोन रुंद रबरबँड, एकाने पाकीट घसरतं. फोन मांडीवर ठेवायचा नाही. गाडी थांबली की इंजिन बंद, काच खाली, अंधार असेल तर आतला दिवा लावायचा, मग दोन्ही हात स्टिअरिंगवर. काहीही काढण्याआधी तोंडाने सांगायचं, "कागद वर आहेत, मी उजवा हात वर नेतोय", आणि 'हो' म्हटल्यावर सावकाश.

भाच्याला नुसतं सांगू नका, उभ्या गाडीत करून घ्या. आम्ही आज पुन्हा केलं, ड्राइव्हवेमध्ये. मी पोलीस झाले, हातात टॉर्च घेऊन. पहिल्या दोन वेळा त्याचा हात वर जाताना थरथरत होता. तिसऱ्यांदा नीट झालं. शेजारीण तेव्हा तिच्या अंगणात पडलेली पानं गोळा करत होती. तिने आम्हाला बघून हात हलवला. आम्हीही हलवला.